दोन मिनिटांचे मौन

मुलांनो, आपल्या रामवाडीत किंवा पेणच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत कोणी वारले, तर काय होते ते तुम्ही पाहिले आहे. बातमी एका दारातून दुसऱ्या दारात जाते. हातातले काम टाकून माणसे निघतात. ज्यांच्याशी शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे भांडण आहे, ज्यांच्याशी बोलणेचालणेही नाही, त्यांच्याही दारात त्या दिवशी जावे लागते. कोणी सक्ती करत नाही. पण एखादा गेला नाही, तर गाव म्हणते, "मयतीलासुद्धा आला नाही!" बांधाचा दावा तसाच राहतो, कोर्टाच्या तारखा पडतच राहतात, तरीही माणूस खांदा द्यायला जातो. आपल्या घरांत याला ताज़ियत म्हणतात, मराठीत दुखवट्याला जाणे म्हणतात. शब्द दोन, रीत एकच.

गावाची ही रीत देशांनाही लागू पडते का? एखाद्या देशात दहशतवाद्यांनी निरपराध माणसे मारली, तर दुसऱ्या देशाच्या कायदेमंडळाने उभे राहून शोक करावा का? आणि तो देश आपल्याशी भांडणारा शेजारी असेल तर? या पाठात आपण याचाच विचार करणार आहोत.

प्रथम कायदेमंडळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. देशाचे कायदे दिल्लीला संसदेत होतात. तिची दोन सभागृहे आहेत, लोकसभा आणि राज्यसभा. राज्याचे कायदे विधिमंडळात होतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून येतात आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य असतात. आपल्या रायगड जिल्ह्यातून विधानसभेवर सात आमदार जातात. त्यांतला एक मतदारसंघ पेणचा आहे. म्हणजे मुंबईच्या विधानभवनात, आणि हिवाळी अधिवेशन असेल तेव्हा नागपूरला, तुमच्या-आमच्या वतीने कोणीतरी बसलेले असते.

अधिवेशन सुरू झाले, की आरंभीच एक गंभीर काम असते. त्याला शोकप्रस्ताव म्हणतात. मधल्या काळात जे आजी-माजी सदस्य किंवा थोर व्यक्ती वारल्या असतील, त्यांचे स्मरण केले जाते. सत्ताधारी पक्षाचे लोक बोलतात, विरोधी पक्षाचे लोकही बोलतात. मग सारे सदस्य आपापल्या जागी उभे राहतात आणि सभागृह स्तब्ध होते. एरवी ज्या सभागृहात घोषणा होतात, कागद भिरकावले जातात, तेथे त्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. मोठा हल्ला किंवा मोठी दुर्घटना घडली, की त्यात मेलेल्यांसाठीही सभागृह असेच उभे राहते.

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "सर, परदेशाशी संबंध ठेवणे हे तर केंद्र सरकारचे काम. मग राज्याच्या आमदारांनी परदेशाबद्दल बोलायचे कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या याद्या दिल्या आहेत. परराष्ट्र व्यवहार हा विषय केंद्राच्या यादीत दहाव्या क्रमांकावर आहे. राज्य कोणत्याही परदेशाशी तह करू शकत नाही, युद्ध पुकारू शकत नाही. २७ मार्च २०१३ रोजी तमिळनाडूच्या विधानसभेने श्रीलंकेतील तमिळ लोकांविषयी एक ठराव केला आणि श्रीलंकेला मित्रदेश म्हणू नये असे केंद्राला सांगितले. केंद्रावर तो ठराव बंधनकारक नव्हता. राज्याचे मत त्यातून दिल्लीला कळले, एवढेच.

पण त्याच अनुसूचीत राज्यांची यादी उघडून पाहा. तिच्यात पहिल्या क्रमांकावर सार्वजनिक सुव्यवस्था आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर पोलीस आहेत. बॉम्ब कोठेही फुटो, पहिला धावून जाणारा हवालदार राज्याचा असतो. जखमींना उचलून नेतात ते बहुधा राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या रुग्णालयात. म्हणून दहशतवाद काय असतो, हे राज्याच्या आमदारांना चांगले ठाऊक असते. त्यांनी परदेशातल्या मृतांसाठी दोन शब्द बोलणे हा परराष्ट्र व्यवहार नाही. तो दुखवटा आहे, आणि दुखवट्याला घटनेची कोणतीही यादी आड येत नाही.

आता एक खरी घटना ऐका. ती तुमच्यासारख्या मुलांची आहे.

१६ डिसेंबर २०१४, मंगळवार. पाकिस्तानातील पेशावर शहरात आर्मी पब्लिक स्कूल नावाची शाळा आहे. त्या दिवशी सकाळी शाळा भरलेली असताना शस्त्रधारी दहशतवादी आत शिरले. मोठ्या सभागृहात बरीच मुले एकत्र बसली होती. तेथे आणि वर्गावर्गांत त्यांनी गोळ्या झाडल्या. १४० हून अधिक माणसे मारली गेली, त्यांपैकी १३२ विद्यार्थी होते. शाळेच्या मुख्याध्यापिका ताहिरा क़ाज़ी यांचाही त्यात अंत झाला. आपल्या मुलांना सोडून त्या बाहेर पडल्या नाहीत, असे वाचलेल्या लोकांनी नंतर सांगितले. पाकिस्तानी तालिबानने हे कृत्य आपण केल्याचे जाहीर केले. मारणारे स्वतःला मुसलमान म्हणवत होते आणि मेलेली मुलेही मुसलमानच होती. दहशतवाद अमुक धर्माच्या बाजूने लढतो असे जे म्हणतात, त्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

या तारखेकडे लक्ष द्या. १६ डिसेंबर हा आपल्या देशात विजय दिवस म्हणून पाळला जातो. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. म्हणजे ज्या दिवशी आपण पाकिस्तानवरील विजयाची आठवण काढतो, त्याच दिवशी पाकिस्तानातल्या मुलांची ही बातमी आली. कोणाला वाटले असते, की शेजाऱ्याच्या घरी आग लागली, आपण गप्प बसावे. पण तसे झाले नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच रात्री पाकिस्तानचे पंतप्रधान नवाज़ शरीफ़ यांना दूरध्वनी केला आणि भारतातल्या सर्व शाळांना दोन मिनिटे मौन पाळण्याचे आवाहन केले.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, भारतातल्या असंख्य शाळांत मुले रांगेने उभी राहिली. ज्या मुलांची नावे त्यांना ठाऊक नव्हती, ज्यांचा देश नकाशात वेगळ्या रंगाने दाखवतात, त्यांच्यासाठी ती डोळे मिटून उभी होती. मराठी शाळांतली होती, हिंदी आणि इंग्रजी शाळांतली होती आणि आपल्या उर्दू शाळांतलीही होती. काही ठिकाणी लहान मुलांनी मेणबत्त्या लावल्या.

त्याच दिवशी दिल्लीत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी या हल्ल्याचा निषेध केला आणि सदस्यांनी उभे राहून मृत मुलांना श्रद्धांजली वाहिली. लोकसभेच्या अध्यक्षा तेव्हा सुमित्रा महाजन होत्या. त्यांचा जन्म आपल्याच कोकणातल्या चिपळूणचा. राज्यसभेचे सभापती हामिद अन्सारी होते. हे सदस्य कोण होते, तेही लक्षात घ्या. १३ डिसेंबर २००१ रोजी याच संसदेवर दहशतवाद्यांनी हल्ला केला होता आणि दारात उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी प्राण देऊन तो रोखला होता. त्या हल्ल्याचा दोष भारताने पाकिस्तानात आसरा घेतलेल्या संघटनांना दिला होता. त्या दिवसाचा स्मृतिदिन होऊन चारच दिवस झाले होते. जखम अशी ताजी असताना ते पेशावरच्या मुलांसाठी उभे राहिले.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अर्धे राहील. १८ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे मौनाच्या दुसऱ्याच दिवशी, पाकिस्तानातल्या न्यायालयाने ज़कीउर रहमान लखवी याला जामीन मंजूर केला. मुंबईवर २००८ साली झालेल्या हल्ल्याचा हा एक मुख्य आरोपी. भारतात संतापाची लाट उसळली. १९ डिसेंबरला लोकसभेने या जामिनाबद्दल तीव्र नाराजी व्यक्त करणारा ठराव एकमताने केला. पुढे २०२१ मध्ये पाकिस्तानच्या न्यायालयाने लखवीला शिक्षा दिली, पण ती दहशतवादासाठी पैसा पुरवल्याबद्दल. मुंबईच्या हल्ल्याबद्दल नव्हे.

काही लोक म्हणाले, "बघा, आपण त्यांच्यासाठी रडलो आणि त्यांनी काय केले!" मला हे म्हणणे पटत नाही. जी लोकसभा बुधवारी मुलांसाठी उभी राहिली, तीच शुक्रवारी न्याय मागण्यासाठी उभी राहिली, आणि दोन्ही वेळा तिने योग्यच केले. मयतीला गेल्याने बांधाचा दावा सोडून दिला असे होत नाही. दावा आहे म्हणून मयतीला जायचे नाही, असेही होत नाही. पेशावरच्या मुलांनी लखवीला जामीन दिला नव्हता.

दुसरा प्रश्न असा, की शेजाऱ्याच्या घरात जे घडले त्याच्याशी आपला संबंध काय? याचे उत्तर पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून तेथे मातीचे बांध घातलेले असतात. उधाणाच्या भरतीला एखाद्या ठिकाणी बांध फुटतो, त्याला खांड गेली असे म्हणतात. खांड ज्याच्या शेतासमोर गेली, त्याच्याच शेतात पाणी थांबत नाही. ते पुढच्या शेतात जाते, त्याच्याही पुढच्या शेतात जाते. म्हणून खांड गेली की सारा गाव घमेली-फावडी घेऊन धावतो. ज्याचे शेत उंचावर आहे, तोही येतो.

आपल्या जिल्ह्याने हे पाणी पाहिले आहे. १९९३ च्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे शस्त्रे आणि आर.डी.एक्स. नावाची स्फोटके उतरवली गेली. तेथून ती ट्रकांत भरून मुंबईकडे नेण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत ठिकठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे मेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. लाच घेऊन डोळे मिटणारे काही कस्टम अधिकारी आणि पोलीस पुढे न्यायालयात दोषी ठरले. आपला किनारा किती शांत दिसतो! सुपारीच्या बागा, मासेमारीच्या होड्या, संध्याकाळची अज़ान. त्याच किनाऱ्यावर ही खांड गेली होती.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी पुन्हा समुद्रातूनच दहा दहशतवादी मुंबईत आले. तीन दिवस छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेले, नरिमन हाउस येथे रक्त सांडले. १६६ माणसे मारली गेली. त्यांत अमेरिका, इस्राएल, जर्मनी, जपान अशा अनेक देशांचे नागरिक होते. आपले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यात शहीद झाले. तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असताना अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्या वेळी जगभरातून भारताला दुखवट्याचे संदेश आले. दूरच्या देशांतल्या लोकांनी आपल्यासाठी मेणबत्त्या लावल्या. आपण ज्यांना कधी पाहिले नाही, ते आपल्यासाठी उभे राहिले. दुखवट्याची ही देवाणघेवाण अशी आहे.

याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट तुम्हांला माहीत असावी. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांचे दफन कोठे करायचे, असा प्रश्न आला. मुंबईत मरीन लाइन्स येथे बडा क़ब्रस्तान आहे. त्याची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्यांना जागा देण्यास साफ नकार दिला. निरपराध माणसांना मारणाऱ्यांना आमच्या क़ब्रस्तानात जागा नाही, असे त्यांनी सांगितले. एक वर्षाहून अधिक काळ ते मृतदेह जे.जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुप्तपणे त्यांचे दफन केले. ही माहिती तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विधिमंडळात दिली. आपल्याकडे मयतीला माती देणे हे किती मोठे पुण्याचे काम मानतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. तेच नाकारणे सोपे नव्हते. ट्रस्टच्या लोकांनी ठराव वाचून दाखवला नाही, भाषण केले नाही. आपण कोणाच्या दुःखात सामील आहोत, हे त्यांनी एका नकाराने सांगितले.

शोक कसा करावा, याचीही रीत असते. २०१९ साली न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात एका माणसाने दोन मशिदींत गोळीबार केला. १५ मार्चचा तो शुक्रवार, जुम्याच्या नमाज़ची वेळ. त्यात ५१ माणसे गेली. मृतांत काही भारतीयही होते. चार दिवसांनी तेथील संसद भरली, तेव्हा कामकाजाची सुरुवात क़ुरआनच्या पठणाने झाली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी "अस्सलामु अलैकुम" म्हणून भाषणास आरंभ केला आणि मारेकऱ्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही, असे सांगितले. नावे घ्यायची तर गेलेल्यांची घ्या, असे त्यांनी लोकांना विनवले.

आपल्या देशातही अशी एक सभा झाली. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते आणि त्यांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलचे. एक तरुण नेपाळचा होता. सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला तेथलाच रहिवासी. पर्यटकांना वाचवताना तोही मारला गेला. २८ एप्रिलला जम्मू-काश्मीरच्या विधानसभेचे एक दिवसाचे खास अधिवेशन बोलावले गेले. सदस्यांनी मौन पाळले. मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मृतांची नावे एकेक करून सभागृहात वाचली. पाहुणे म्हणून आलेल्यांना आपण सुखरूप परत पाठवू शकलो नाही, त्यांच्या घरच्यांची माफी मागायला आपल्याकडे शब्द नाहीत, असे ते म्हणाले. खरे पाहता, तेथील सुरक्षेचे काम निवडून आलेल्या सरकारकडे नव्हते, केंद्राकडे होते. तरीही घरमालकाची लाज त्यांनी आपल्याकडे घेतली. हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमताने झाला आणि त्यात आदिलच्या बलिदानाचाही गौरव होता.

नावे वाचण्याचे महत्त्व एवढ्यासाठी, की "२६ ठार" असे म्हटले की तो आकडा होतो. आकडा वर्तमानपत्रात येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात कोणी भजी बांधून देतो. नावे वाचली की त्यांची गावे डोळ्यांसमोर येतात, आईबाप येतात.

पण एक गोष्ट मनाला टोचते, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ८ मे २०२१ रोजी अफ़गाणिस्तानात काबुल शहरात मुलींच्या एका शाळेबाहेर स्फोट झाले. रमज़ानचे शेवटचे दिवस होते. शाळा सुटून मुली घरी निघाल्या होत्या. ८० हून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुली. कित्येकींची दप्तरे रस्त्यावर विखुरली होती. त्या दिवसांत आपल्याकडे करोनाची दुसरी लाट होती. घरोघरी दुःख होते, शाळा बंद होत्या, त्यामुळे मौनासाठी घंटा वाजवायलाही कोणी नव्हते. हे कारण खरे आहे. पण करोना नसता, तर आपण त्या मुलींसाठी उभे राहिलो असतो का? पेशावरच्या मुलांची छायाचित्रे आपण दूरदर्शनवर दिवसभर पाहिली होती, काबुलच्या मुलींची क्वचितच पाहिली. जगातली सभागृहेही अशीच आहेत. काही मृतांसाठी ती उभी राहतात, काहींसाठी बसूनच राहतात. कोणासाठी उभे राहिले याची नोंद कामकाजाच्या पुस्तकात असते. कोणासाठी राहिले नाहीत, याची नोंद कोणी ठेवत नाही.

त्या शाळेचे नाव सय्यदुश्शुहदा. ते तुमच्या वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ

शोकप्रस्ताव – ताज़ियती क़रारदाद. सभागृह – ऐवान. निषेध – मज़म्मत. निरपराध – बेगुनाह. स्तब्ध – ख़ामोश, साकित. एकमताने – इत्तिफ़ाक़-ए-राय से. बंधनकारक – जिसकी पाबंदी लाज़िम हो. उधाण – समुद्राची मोठी भरती. खांड जाणे – बांध फुटून पाणी आत येणे.

स्वाध्याय

१. परराष्ट्र व्यवहार राज्याच्या यादीत नसतानाही आमदार परदेशातल्या मृतांसाठी शोक का करू शकतात?

२. १७ डिसेंबर आणि १९ डिसेंबर २०१४ या दोन दिवशी लोकसभेने काय केले? या दोन गोष्टींत विरोध आहे असे तुम्हांला वाटते का? आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. 'खांड गेली की सारा गाव धावतो' हे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?

४. वाक्यांत उपयोग करा : खांदा देणे, डोळे मिटणे, आड येणे, दुखवट्याला जाणे.

५. तुमच्या घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : १२ मार्च १९९३ च्या दिवशी तुम्ही कोठे होता आणि बातमी कशी कळली? त्यांनी सांगितलेले मराठीत लिहून आणा.